लाल, पिवळी, निळी पाटी

हवा कशी होती, तर रंगवाल्यानं मागून घ्यावी तशी. थंडी बिस्तरा गुंडाळून गेलेली, उन्हाला अजून चटका द्यायचं सुचलेलं नाही, आणि वारा एवढाच की रंग सुकावा पण धूळ उडू नये. पेंटर सकाळीच दुकानाच्या दारात दोन ठोकळ्यांवर पत्रा आडवा टाकून त्याला प्रायमर मारत होता. तांबडा, विटेसारखा रंग. पत्र्याला गंज धरू नये म्हणून आधी मारतात तो. दातांच्या डॉक्टरीणबाईंची नवी पाटी व्हायची होती. एक हात मारून झाला, पेंटर दोन पावलं मागं सरकला, मान तिरकी करून पत्र्याकडे बघायला लागला, आणि तेवढ्यात वरून एक फूल आलं आणि ओल्या प्रायमरवर मधोमध चिकटलं.

निळं फूल. जांभळ्याकडे झुकणारं, करंगळीच्या पेराएवढं नळकांडं.

पेंटरनं ते चिमटीत धरून उचललं आणि वर बघितलं. दुकानासमोरच्या झाडावर पान म्हणून नव्हतं, शेंड्याशेंड्याला मात्र निळे घोस लागलेले. त्या झाडाच्या बुंध्याला पेंटरनंच नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात बांधलेली पाटी होती. लाल पाटी, त्यावर पांढरी, गोलाईदार अक्षरं: गुलमोहर.

शेजारचा टायरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसला होता. त्याला बुडबुडे सापडले नाहीत, पण हे सापडलं.

"पेंटर, तुझा गुलमोहर निळा पडला की रे! थंडी बाधली का त्याला?"

"गप बस."

"मी गप बसतो. झाड बसणार आहे का गप?"

पेंटरला हसू आलं नाही. एरवी टायरवाल्याची चेष्टा त्याला उलट दुपटीनं परत करता येते. पण आज त्यानं ब्रश डब्यात टाकला, हात फडक्याला पुसले आणि रस्त्यानं चालायला लागला, एकेका झाडाखाली थांबत. पुढचं झाड: पिवळी पाटी, सोनमोहर. शेंड्याला दोनचार निळी फुलं. त्याच्या पुढचं: निळी पाटी, नीलमोहर. फूल नाहीच, नुसती हातभर लांबीच्या, तलवारीसारख्या वाळक्या शेंगा खडखडताहेत. पेंटर तिथूनच मागं फिरला.

या माणसानं हे एवढं मनाला का लावून घ्यावं, ते कळायला त्याचा स्वभाव माहीत पाहिजे. झाडांशी त्याचं देणंघेणं काही नव्हतं. पण पाटीच्या बाबतीत माणूस महाकटकट्या. कोपऱ्यावरच्या मासळीवालीनं एकदा 'आज आलेली ताजी मासळी' असं लिहून मागितलं.

"आज म्हणजे कधी?" पेंटरनं विचारलं.

"आज म्हणजे आज! आंघोळ करून आलास ना?"

"आणि उद्या?"

"उद्याही आजच की!"

पेंटरनं ब्रश खाली ठेवला. "मावशी, हा ऑइलपेंट आहे. पाच वर्षं निघत नाही. पाच वर्षं टिकणारा 'आज' मी लिहून देणार नाही." बराच वेळ वाद झाला. शेवटी नुसतं 'मासळी' लिहिलं. मासळीवाली अजून त्याला बघितलं की तोंड वाकडं करते, आणि पाटी तिथंच आहे.

छापील बॅनर आले तेव्हा त्याच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांनी ब्रश टाकले. कुणी रिक्षा घेतली, कुणी मोबाइलच्या काचा बसवायला लागला. हा नाही हलला. बॅनर वाऱ्यानं फाटतो, उन्हानं पांढरा पडतो, मग गिऱ्हाईक मुकाट्यानं याच्या दारात येतं आणि हा अगदी भोळा चेहरा करून विचारतो, "का हो, फाटलं वाटतं?" त्याची एकच मिजास होती, की आपण लिहिलेलं या गावात कुठंही खोटं ठरलेलं नाही. जिथं 'डावीकडे वळा' लिहिलंय तिथं डावीकडे रस्ता आहे. जिथं 'बंद' लिहिलंय ते बंद आहे.

आणि आता अख्खा रस्ताभर त्याचंच अक्षर खोटं बोलत उभं होतं.

झालं होतं ते असं. बागखात्याच्या मुकादमानं थंडीत काम दिलं. म्हणाला, "या रस्त्यावर तीन जातींची झाडं आहेत. गुलमोहर, सोनमोहर, नीलमोहर. तिन्हीच्या सारख्या पाट्या कर, कमीजास्त लागल्या तर बघू. खिळा मारायचा नाही, स्प्रिंगच्या तारेनं बांधायची. लावायला मी येतो, कोणतं कुठलं ते दाखवतो." पेंटरनं मन लावून पाट्या केल्या. गुलमोहराची लाल, सोनमोहराची पिवळी, नीलमोहराची निळी. लावायच्या दिवशी नेमकी दुसऱ्या टोकाला कुठंतरी फांदी बसवर पडली आणि मुकादम तिकडे धावला. "उद्या करू," असा फोन आला. पण पेंटरनं हातगाडी मागून आणली होती, शिडी लावली होती, पाट्या लावायला हात शिवशिवत होते.

त्यानं झाडांकडे बघितलं, झाडांनी त्याच्याकडे. फूल एकाला नाही. पानं बघावीत तर ज्यांना होती त्यांची सगळ्यांची सारखीच, पिसासारखी बारीक बारीक. खोडं सगळी करडी. हे दुकान त्यानं घेतलं तेच मुळी गेल्या वर्षीचा फुलोरा सरल्यावर, त्यामुळे कोणतं झाड कसं फुलतं ते त्यानं पाहिलेलंच नव्हतं. त्यानं पहिल्या झाडाला लाल बांधली. दुसऱ्याजवळ गेल्यावर हात आपोआप पिवळीकडे गेला. लाल पाटीशेजारी लाल लावायची म्हणजे एकाच दुकानावर दोनदा नाव लिहिल्यासारखं. तिसऱ्याला निळी. मग पुन्हा लाल. आणि बघता बघता रस्ता असा काही दिसायला लागला, की पेंटर शिडीवरच खूश. शिवाय त्यानं स्वतःची समजूतही घालून टाकली: ज्यानं कुणी झाडं लावली, त्यालाही डोळे असतीलच ना? त्यानंही रंग बघूनच लावली असणार!

बायकोनं संध्याकाळी विचारलं होतं, "झाडं ओळखलीत का हो?"

"त्यात ओळखायचंय काय? रांगेनंच असतात ती."

लोकांनी कौतुक केलं. मुकादमाची दुसऱ्या भागात बदली झाली. विषय मिटला.

मिटला असता, पण मध्येच मुलीचं जमलं. मुलगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला, तिथंच सोबत काम करणारा मुलगा, चांगला, सरळ. त्याची आई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. फोनवर पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा पेंटरला वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाईंशी आपण बोलायचं काय? आणि मग त्याला एकदम सुचलं. "विहीणबाई, तुमच्याच विषयातलं काम केलंय मी. आमच्या अख्ख्या रस्त्यावरची झाडं ओळखून पाट्या लावल्यात!"

"हो का?" त्या म्हणाल्या. "मग बघायलाच पाहिजे."

ते बघणं येत्या रविवारी होतं. विहीणबाई, व्याही आणि जावई सकाळी चहाला येणार होते. आणि आज होता गुरुवार.

पेंटर घरात शिरला. घर म्हणजे दुकानाच्या मागच्या दोन खोल्या. बायको शिलाई मशीनवर पडद्यांना पट्टी मारत होती. त्यानं सगळं सांगितलं. ती मशीन न थांबवता ऐकत होती; शेवटाला मात्र पाय थांबला.

"ओळखून लावल्यात असं म्हणालात? फोनवर?"

"म्हणालो."

"विहीणबाईंना?"

"आता कुणाला म्हणणार? टायरवाल्याला?"

"कमाल आहे बाई," ती म्हणाली. "मासळीवालीला पाच वर्षांचा आज लिहून देत नाही म्हणून भांडलात, आणि इथं सगळ्या रस्त्याला खोटी नावं!"

हे शब्द पेंटरला बरोबर लागायचे तिथं लागले. तो म्हणाला, "रविवारच्या आत सगळ्या बरोबर करतो."

"कशा?"

"विचारून."

विचारायची कल्पना चांगली होती. रस्त्यावर वर्षानुवर्षं राहिलेली माणसं होती, त्यांनी दर उन्हाळ्यात ही झाडं फुललेली पाहिली होती. पेंटरनं टायरवाल्यापासून सुरुवात केली.

"तुझ्या दुकानासमोरचं झाड गेल्या वर्षी कुठल्या रंगाचं फुललं होतं?"

टायरवाला विचारात पडला. "हे बघ, मी दिवसभर खाली बघतो, चाकाकडे. फुलं पडतात, मी झाडून काढतो. लाल पण असतात, पिवळी पण असतात. वारा आणून टाकतो. कुणाची कुठली, त्यांच्या आयांना ठाऊक."

सलूनवाला छातीठोकपणे म्हणाला, "माझ्यासमोरचं लालभडक. आरशात दिसतं ना मला रोज!" त्याच्या खुर्चीत फेस लावून बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "आरशात दिसतं ते पलीकडच्या बाजूचं झाड. तुझ्यासमोरचं पिवळं." "माझ्या दुकानात बसून मला शिकवतोस?" "वस्तरा खाली ठेव, मग सांगतो." पेंटर तिथून निघाला. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या की त्यांच्या खिडकीखालचं झाड पिवळंच, शपथेवर सांगते. आणि त्याच मजल्यावरच्या, त्याच भिंतीपलीकडच्या त्यांच्या जाऊबाई म्हणाल्या, "लाल! थोरल्या बाईंना रंग कळत असते तर त्या साड्या नेसल्या असत्या का तसल्या?" पेंटर जिन्यावरून खाली येईपर्यंत वर दोन्ही खिडक्यांतून जुनी भांडणं निघाली होती.

संध्याकाळपर्यंत त्याला एवढंच कळलं, की जो तो आपल्या खिडकीतून बघतो आणि दुसऱ्याच्या झाडाला आपलं म्हणतो.

मुलगी कामावरून आली. तिनं आधी पोट धरून हसून घेतलं, मग बापाचा चेहरा बघून हसू आवरलं आणि फोनवर शोधायला बसली. "बाबा, शेंगा बघ. गुलमोहराची शेंग लांब, चपटी, हातभर. तलवारीसारखी. नीलमोहराची गोल, चपटी, दोन झाकणं एकमेकांवर ठेवल्यासारखी. आणि सोनमोहराची छोटी, बोटाएवढी, तांबूस, दोन्ही टोकांना निमुळती."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू आधी विचारलंस का?"

शुक्रवारी पेंटरनं डॉक्टरीणबाईंचे दात तसेच ठेवले आणि शिडी काढली. रस्त्याची दुकानाकडची बाजू दुपारपर्यंत उरकली. शेंगा सगळं बोलत होत्या. तलवार दिसली की लाल, झाकण दिसलं की निळी, तांबूस बोट दिसलं की पिवळी. तारा सोडायच्या, पाट्या उतरवायच्या, बदलून बांधायच्या. सलग चार झाडं लाल निघाली तेव्हा त्याच्या रंगाच्या डोळ्याला ते सहन होईना, पण बांधल्या. पिवळ्या तर एका टोकाला सगळ्या गर्दी करून बसल्या, मध्ये एकही नाही. "कुणी लावलीत रे ही झाडं," तो शिडीवर पुटपुटला, "जरा तरी हात पुढंमागं करायचा."

घोडं अडलं ते पलीकडच्या बाजूला. त्या बाजूनं विजेच्या तारा गेल्या होत्या आणि गेल्याच महिन्यात वीजवाल्यांनी झाडांची डोकी सपासप उडवली होती. शेंगा नाहीत, जुन्या फांद्या नाहीत. नीलमोहर तेवढे निळ्या तुऱ्यांनी आपणहून हात वर करून उभे होते. बाकीच्यांना नुसते नवे फुटवे. त्यांतल्या कशाला लाल म्हणायचं आणि कशाला पिवळं?

आणि शनिवारी त्याला आणखी एक गोष्ट दिसली, तिनं तर झोप उडवली. काही झाडांच्या कोवळ्या फुटव्यांवर, पानांच्या देठांवर, तांबडा रंग बसला होता. विटेसारखा. पेंटरला तो रंग परका नव्हता. रोज तो त्याच्या नखांत असतो. हा त्याचा प्रायमर!

त्यानं मनाशी जुळवलं. महिनाभरापूर्वी मोठ्या गोदामाच्या पत्र्यांना आपण इथंच, रस्त्यावर, स्प्रेच्या पंपानं प्रायमर मारला. वारा होता. उडाला असणार. आधी झाडांची नावं चुकवली, आता त्यांची तोंडंही रंगवून ठेवली! विहीणबाई कॉलेजातल्या. त्यांच्या लक्षात ही गोष्ट पहिल्या झाडालाच येणार. पाट्यांचं एक वेळ सांगता येईल. पण झाडांवर ऑइलपेंट उडवणारा माणूस म्हटल्यावर, ती बाई आपल्याकडे काय नजरेनं बघेल?

म्हणून रविवारी उजाडल्या उजाडल्या पेंटर शिडीवर होता. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात टर्पेंटाइनची बाटली. एकेक कोवळा फुटवा चिमटीत धरायचा आणि फडक्यानं पुसायचा, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तसा. रंग मात्र निघत नव्हता. तो जास्त जोरानं पुसे, फुटवा मोडे, तो च्च च्च करे आणि पुढच्याकडे वळे.

टायरवाल्यानं शटर वर केलं. बघत राहिला. "काय रे, आता आंघोळी पण घालायच्या का?"

"रंग उडालाय माझा."

"तोंडावरचा? तो दिसतोय."

"अरे, प्रायमर! निघत नाहीय."

"साबण देऊ?" टायरवाला म्हणाला, आणि मग त्याचा आवाज एकदम सभ्य झाला. "या, या बाई. कुणाकडे आलात?"

शिडीच्या पायथ्याशी एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांवर चष्मा आणि कपाळावर आणखी एक चष्मा. पेंटरनं त्यांना फोटोत बघितलं होतं. चहाला अजून दीड तास होता.

"व्याही," त्या वर बघत म्हणाल्या, "झाडाला टर्पेंटाइन का लावताय?"

शिडीवर उभं राहून खोटं बोलणं सोपं नसतं. दोन्ही हात गुंतलेले, उतरायची वाट अडलेली. पेंटर बोलायला लागला आणि थांबेचना. मुकादम, बसवरची फांदी, लाल-पिवळी-निळी, फोनवर मारलेली बढाई, आजी आणि त्यांच्या जाऊबाई, शेंगा, वीजवाले, आणि आता हा प्रायमर. "माझा गुन्हा आहे, विहीणबाई. पण एक तेवढं सांगा, झाड जगेल ना?"

विहीणबाईंनी हात वर केला. "एक फुटवा द्या बघू इकडे."

पेंटरनं एक तोडून दिला. त्यांनी चष्मे बदलले, फुटवा डोळ्यांजवळ नेला, बोटानं चोळला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. पेंटरला वाटलं, बाई रडतात की काय. पण त्या हसत होत्या, अशा हसत होत्या की टायरवाल्यानं लगबगीनं एकावर एक रचलेल्या टायरांची चळत पुढं सरकवली आणि त्या तिच्यावर बसल्या.

"अहो," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "हा तुमचा रंग नाही. त्याचाच आहे. सोनमोहराच्या कोवळ्या फुटव्यांवर अशी तांबडी लव असते, मखमलीसारखी. कळ्यांवरही असते. आयुष्यभर पुसलंत तरी निघायची नाही!"

"म्हणजे हा..."

"सोनमोहर. गुलमोहराचा फुटवा हिरवागार असतो. तुम्ही सकाळपासून एकेक सोनमोहर हुडकून त्याचं तोंड धुताय. याहून चांगली ओळख माझ्या विद्यार्थ्यांना पण करता येत नाही."

टायरवाला मोठ्यानं म्हणाला, "म्हणजे आमचा पेंटर हुशार निघाला?"

"चुकून," विहीणबाई म्हणाल्या.

"मग बरोबर. तोच आहे हा."

पेंटर शिडीवरून उतरला. कानापर्यंत लाल झाला होता, पण छातीवरचा दगड अर्धा उतरला होता. अर्धा अजून होता. तो चाचरत म्हणाला, "फोनवर तुम्हाला ते ओळखून लावल्यात म्हणालो... ते..."

"ते मला तेव्हाच कळलं होतं."

"तेव्हाच?"

"तुमच्या लेकीनं आमच्या मुलाला फोटो पाठवला होता, बाबांच्या पाट्या बघ म्हणून. त्यात नीलमोहराच्या पाटीवर गुलमोहराच्या तलवारी लोंबत होत्या." त्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून एक घोट प्यायल्या. "म्हटलं, अजून भेट नाही, धड बोलणं नाही, आणि विहीण म्हणून पहिलं काय करायचं तर चूक काढायची? म्हणून गप्प बसले. आणि आज मुद्दाम आधी आले. फिरायला जाते असं सांगून निघाले. आमचे हे आणि मुलगा मागून येतीलच. ह्यांना कळायच्या आत आपण दोघांनी उरकून टाकू. तुम्हाला माहीत नाही, ह्यांना एकदा चेष्टेला विषय मिळाला की दहा वर्षं पुरवून खातात. माझा एकदा भात..." त्या थांबल्या. "करपला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी. अजून पाहुण्यांना सांगतात."

पेंटरनं फडकं खांद्यावर टाकलं. मग त्यानं शिडी उचलली.

दोघांनी कामाचा सपाटा लावला. विहीणबाई खालून फुटवे निरखत पुढं, पेंटर शिडी घेऊन मागं, आणि त्याच्या मागं टायरवाला, काखेत पाट्यांची चळत घेऊन. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "हिरवा! लाल द्या." "तांबडी लव! पिवळी." आवाज ऐकून पेंटरची बायको बाहेर आली. विहिणीला चहा न देताच झाडाखाली उभं केलेलं बघून तिनं नवऱ्याकडे असा कटाक्ष टाकला की तो दोन पायऱ्या वर चढला.

"आत या हो विहीणबाई, असं काय! हे म्हणजे..."

"चहा इथंच आणा," विहीणबाई म्हणाल्या. "दोन झाडं राहिलीत."

त्यांतलं एक गुलमोहर निघालं. दुसरं सलूनसमोरचं. वीजवाल्यांनी त्याचा नुसता खुंट ठेवला होता. फुटवा नाही, कळी नाही, एका बाजूला सालीतून जेमतेम डोळा फुटू बघत होता. विहीणबाईंनी दोन्ही चष्मे लावून बघितलं. बोटानं चाचपलं. सलूनवाला दारात येऊन म्हणाला, "लालच आहे हो बाई, आरशात..."

"अंदाज करता येईल," विहीणबाई पेंटरला म्हणाल्या. "माझा अंदाज लाल. पण अंदाजच. उद्या पिवळं फुललं तर मला दोष देऊ नका."

पेंटरच्या हातात लाल पाटी होती. बांधली असती तर सगळं काम संपत होतं, आणि ती विहीणबाईंच्या नावावर जमाही झाली असती. त्यानं ती खाली ठेवली. दुकानात गेला, एक कोरी पांढरी पाटी घेतली, आणि उभ्या उभ्या, ओठाच्या कोपऱ्यातून जीभ बाहेर काढून, काळ्या रंगानं लिहिलं: 'ओळख व्हायची आहे.' ती बांधली. विहीणबाईंनी मान डोलावली. सलूनवाला चिडला, की सगळ्यांच्या झाडाला नाव आणि माझ्याच झाडाला का नाही.

तेवढ्यात व्याही आणि जावई येऊन पोचले. व्याही उंच, हसऱ्या तोंडाचे. आल्या आल्या त्यांची नजर झाडांवर गेली. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाट्या वाचत चालले आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! वा! आमच्या घरच्यांनी सांगितलं होतं, तुम्ही सगळी झाडं ओळखून पाट्या लावल्यात. खरंच, कमालीची नजर आहे तुमची!"

विहीणबाईंनी चहाच्या कपात बघितलं. पेंटरच्या बायकोनं पदर नीट केला. मुलगी दारात आली होती, ती जागच्या जागी थांबली. नुसतं 'हं' म्हटलं असतं तर भागत होतं. सगळ्या पाट्या आता खऱ्या होत्या, आणि ज्यांना माहीत होतं ते सगळे आपलेच होते.

"नाही," पेंटर म्हणाला. "आज सकाळपर्यंत सगळ्या चुकीच्या होत्या. रंगानं शोभतील तशा लावल्या होत्या मी. विहीणबाईंनी दुरुस्त करून घेतल्या."

"शोभतील तशा?"

"लाल, पिवळी, निळी. लाल, पिवळी, निळी."

"आणि टर्पेंटाइनचं सांगा," टायरवाला मागून म्हणाला.

पेंटरनं टर्पेंटाइनचंही सांगितलं. व्याह्यांनी आधी डोळे मोठे केले, मग टायरांच्या चळतीवर हात टेकला, मग त्याच चळतीवर बसले. त्यांच्या हसण्यानं वरच्या मजल्यावरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या.

"टर्पेंटाइनवाले व्याही!" ते म्हणाले. "झाडाचं तोंड पुसत होते! अगं, ऐकलंस का?"

"ऐकलं," विहीणबाई म्हणाल्या. "झालं आता. दहा वर्षं." पण हे बोलताना त्या बघत होत्या पेंटरकडे, आणि मग त्यांनी त्याच्या बायकोला सांगितलं, "विहीणबाई, माझा मुलगा सुखात पडेल तुमच्याकडे. इथं लपवाछपवी चालत नाही असं दिसतं."

"चालवायची म्हटली तरी ह्यांना जमत नाही हो," बायको म्हणाली. "मी प्रयत्न करून पाहिलेत."

चहा पुन्हा झाला, मुलीनं आणलेला केक कापला गेला. व्याह्यांनी जाताना एक एक पाटी वाचून दाखवली आणि पांढऱ्या पाटीपाशी जरा थांबले, पेंटरला पाठीवर थाप मारली, आणि रस्त्याच्या वळणावरून पुन्हा एकदा ओरडले, "टर्पेंटाइनवाले, येतो!" आता हे नाव रस्ताभर झालंच. टायरवाल्यानं तर तेव्हाच उचललं होतं.

पेंटर घरात येऊन खुर्चीत टेकला. पाय दुखत होते. मुलीनं त्याच्या गळ्यात मागून हात टाकले आणि आत गेली. त्याला जरा डोळा लागावा असं वाटत होतं, तेवढ्यात बायकोनं पुढ्यात मटारच्या शेंगांची टोपली आणून आदळली.

"दुपारचं जेवण अजून व्हायचंय. एवढे सोलून द्या."

"आता? एवढ्या सकाळपासून..."

"शेंगा ओळखता येतात ना तुम्हाला आता?"

पेंटरनं पातेलं मांडीवर घेतलं. पहिली शेंग अंगठ्यानं दाबली, फटकन उघडली, आणि हिरवे दाणे पातेल्यात खडखडले. एक दाणा उडून मशीनखाली गेला. तो काढायला तो वाकला.